फोटोच्या मागची बाजू

द्वारकेच्या चौकात, पहिल्या मजल्यावर आमची व्हिडिओ मिक्सिंगची खोली होती. खाली ट्रकचे हॉर्न, वर मी आणि दोन कॉम्प्युटर. साल दोन हजार सहा. लग्नाच्या कॅसेट जाऊन सीडी आल्या होत्या आणि ज्याला त्याला सीडीच्या सुरुवातीला 'थ्रीडी' पाहिजे होतं. म्हणजे घरातले जुने फोटो असे हलले पाहिजेत, की बघणाऱ्याला आपण त्यांच्यातून चालत गेल्यासारखं वाटावं.

ते काम माझं. फोटो स्कॅन करायचा, पुढचा माणूस कडेकडेनं कापून सुटा करायचा, मागचं झाड सुटं, त्यामागचं आभाळ सुटं. मग हे थर सॉफ्टवेअरमध्ये एकामागे एक अंतर सोडून उभे करायचे आणि त्यांच्यामधून कॅमेरा हळूच आत सरकवायचा. माणूस जवळ येतो, मोठा होतो, बाजूनं निघून जातो. इतकं मऊ सरकतं ते सगळं, की मला बसल्या जागी गुंगी यायची. माझे डोळेच तसे झाले होते. खिडकीत उभी राहिले की रिक्षा, तिच्यामागे ट्रक, त्यामागे धुळीत बुडालेला पांडवलेण्याचा डोंगर, सगळं सुटं सुटं दिसायचं. वाटायचं, जरा अंग चोरलं की मधल्या फटीतून आत जाता येईल.

यात भानगड एकच. माणूस कापून काढला की त्याच्या जागी भोक पडतं. त्याच्यामागे काय होतं ते कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नसतं. ते आपण भरायचं, शेजारचं गवत उचलून, भिंत असेल तर भिंत ओढून. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला सगळ्यात आवडायचं ते हेच काम.

चंद्रभागामावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी जेवायला गेले होते. मखमलाबादकडे त्यांची झेंडूची शेती. मुलीचं, भाग्यश्रीचं लग्न ठरलं होतं. ऑर्डर घेतली आमच्या मालकानं, रविराजदादानं. मी आले तर त्यानं एक पिवळा पडलेला फोटो पुढे सरकवला. झेंडूच्या वाफ्यात एक तरुण माणूस उकिडवा बसलेला.

"हे रंगनाथकाका, नवरीचे वडील. यांच्या पाठीमागे एक मुलगी लपलीय. ती दाखवायचीय."

"लपलीय तर दाखवू कशी?"

"थ्रीडी आहे ना! मी हो म्हटलंय मावशींना."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हटलं, "दादा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग भाग्यश्रीचा लहानपणचा फोटो आहे, त्यातलं तोंड काप आणि चिकटव. सख्ख्या बहिणी त्या. कोण ओळखतंय?"

मी चहाचा कप असा आपटला की बशीला तडा गेला. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या युक्तीनं काम भागलं असतं हे मलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आल्या, काम कसं चालतं ते बघायला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली झेंडूची फुलं त्यांनी टेबलावर ठेवली आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. मी फोटो पडद्यावर मोठा केला. तेव्हा कुठे मला रंगनाथकाकांच्या खांद्यावर चार बारीक बोटं दिसली. मागून कुणीतरी सदरा घट्ट धरला होता.

"आमची मनीषा," मावशी म्हणाल्या. "थोरली. कॅमेऱ्याला भ्याली न् बापाच्या मागं दडली. पुढच्या उन्हाळ्यात ताप आला, त्यातच गेली. दुसरा फोटो नाय तिचा. भाग्यश्री मागनं झाली."

मी ती बोटं पडद्यावर आणखी मोठी केली.

"पोरी, मला तिचं तोंड आठवंना झालंय आता. डोळं मिटलं की भाग्यश्रीच येती पुढं. बहिणीच्या लग्नात येकदा तिला बघावं, येवढंच हाय माझं."

रविराजदादाची युक्ती माझ्या मनातून तिथंच गळून पडली. मावशींच्या आठवणीतलं मनीषाचं उरलंसुरलं तोंडही आम्हीच पुसून टाकलं असतं. मी माउस सोडला आणि सांगून टाकलं, "मावशी, नाही दिसणार ती. फोटोच्या मागे काही नसतं."

"काय नसतं कसं?" त्यांना पटेना. "माझं माहेर चांदवडकडलं. जत्रंत तंबूतला पिक्चर यायचा. पुढं गर्दी झाली का आम्हा पोरींना पडद्याच्या मागं बसवायचे. तिकडूनबी सगळं दिसायचं की!"

मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांना फुलांचा उग्र वास होता. मग एक थर काढून दाखवला. काका बाजूला सरकले आणि त्यांच्या जागी नुसतं पांढरं भोक. मावशी पुढे वाकून त्या भोकाकडे बघू लागल्या. मला स्वतःचाच राग आला.

"मंग हितं काय भरतीस?"

"तुम्ही सांगाल ते."

"झेंडू भर. तिथं झेंडूच होता."

मी झेंडू भरला. एकेक फूल उचलून लावलं, एकसारखी दोन शेजारी येऊ दिली नाहीत. ती चार बोटं मात्र कापून त्यांचा वेगळा थर केला. इतकं बारीक काम मी आधी कधी केलं नव्हतं. कॅमेरा समोरून निघायचा, काकांच्या खांद्यावरून वळायचा, बोटांच्या अगदी जवळ थबकायचा आणि मग झेंडूत शिरायचा. तोंड नव्हतंच. ते कुठून आणणार होते मी?

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला त्यांच्या अंगणात पांढरा पडदा बांधला. लोडशेडिंग होतं म्हणून प्रोजेक्टरला जनरेटर लावला. भाग्यश्री हळदीनं माखलेली पुढ्यात बसली, शेजारी रंगनाथकाका. फोटो तरंगायला लागले आणि सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. मावशी मात्र कुठे दिसेनात. शोधत शोधत मी पडद्याच्या मागे गेले.

त्या तिथे पालथ्या क्रेटवर एकट्याच बसल्या होत्या. पडद्यातून झिरपलेला पिवळा उजेड त्यांच्या लुगड्यावर हलत होता. मागून चित्र उलटं दिसत होतं, डावं उजवीकडे. काका आले, मोठे झाले, सरकले. खांदा वळला. चार बोटं हाताएवढी होऊन कापडावर थांबली आणि त्यांच्याभोवती झेंडूच झेंडू.

मावशी एकदम उठून उभ्या राहिल्या.

"मी ह्याच बाजूला व्हते गं," त्या म्हणाल्या. "फोटो काढला तवा. मागल्या वाफ्यात वाकून फुलं खुडत व्हते. तिनं वळून माझ्याकडं बघितलं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"येक हात बापाच्या खांद्यावर. दुसऱ्या हाताचं बोट असं ओठावर. आई, सांगू नको म्हणाली. पुढचा दात पडल्याला. हसू दाबीत व्हती."

"दिसली?"

"दिसली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. वाहू दिलं. मलाही आवरलं नाही.

पडद्यावरून बोटं गेली, फक्त फुलं उरली. पलीकडून रंगनाथकाकांची हाक आली, "अगं ये, कुठं हायेस तू? सगळी हुडकतायत तुला!"

मी ओ देणार, तेवढ्यात मावशींनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.