माझ्या पाठीवरची कपाशी

मित्रांनो, मी एक म्हातारी पायपेटी आहे. पायांनी भाता मारायचा, बोटांनी पट्ट्या दाबायच्या, की मी गाते. माझा जन्म समुद्रापलीकडचा. सुताराने मला पुढून चकचकीत केले, पण पाठीवर साधा रंधाही फिरवला नाही. पेटी भिंतीलाच लागणार, पाठ कोण बघतो!

अकोल्याला मी बैलगाडीतून आले. तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस यायचा थांबला होता, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाड्या भरून जात आणि रिकाम्या परतत. तशाच एका परतीच्या गाडीत दाऊद गाडीवानाने मला चढवले. खड्ड्यात मी कण्हले तसा तो दचकला. "या अल्ला! आत कोनी हाय का?"

मोर्णा नदीकाठच्या ख्रिस्ती वसतिशाळेत दोन शिक्षक नुकतेच आले होते. एक माझ्या मालकीण हॅरिएटबाई, दुसरे नगरकडचे देवीदास मास्तर. बाईंना इथली मिरची सोसेना, मास्तरांना इथले ऊन. पण मास्तर चिपळ्या घेऊन प्रभूच्या गोष्टी कीर्तनात सांगू लागले, की ऊनही विसरत. अहाहा, काय तो गळा! साथीला मी होतेच. आणि मला वाजवायला शिकण्याचा ध्यास घेतला होता शाळेत राहून शिकणाऱ्या बार्शीटाकळीच्या सुभद्राने.

कापूस फुटला आणि एके दिवशी सुभद्राची आई, पार्वताबाई, दारात उभी राहिली.

"वेचाले मानसं भेटत नाहीत. चाल घरी. शाळा पुरे झाली."

सुभद्रा माझ्याआड लपली. "माय, मले पेटी शिकाची हाय वं!"

"पेटीनं पोट भरते का?"

मास्तर हात जोडून म्हणाले, "मावशी, आधी कीर्तन ऐका. मग खुशाल न्या."

पार्वताबाई बसली. हॅरिएटबाई मला वाजवू लागल्या. मास्तरांनी घर सोडून गेलेल्या मुलाची आणि त्याची वाट पाहणाऱ्या बापाची कथा लावली. रंग चढू लागला, तोच पार्वताबाई मधेच उठली.

"काहून वं बाई, मी आल्यापासून तुमी मले पाठच दाखवून राहिल्या! आमच्या गावात बोवा लोकायकडे तोंड करून उभा रायते."

चिपळ्या थांबल्या. मी भिंतीला, बाई माझ्यासमोर, आणि सगळी मंडळी बाईंच्या पाठीमागे! हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. बाई लाल झाल्या. मग खुदकन हसल्या. "क्षमा असावी. आमच्या गावी पेटी भिंतीलाच असते."

"मंग वढा न!" म्हणत पार्वताबाईने मला स्वतःच खांदा लावला. पोरी धावल्या. मी करकरत मधोमध आले. आता लोकांना पाठ माझी दिसू लागली आणि चेहरा बाईंचा. पाठ दाखवायचीच तर ती पेटीने दाखवावी, नाही का?

कथा पुढे सरकली. बापाने दुरून मुलाला ओळखले, तेव्हा वाजवता वाजवता बाईंचे डोळे भरून आले. ते आज प्रथमच सगळ्यांना दिसले.

पार्वताबाई हळूच म्हणाली, "बाई, तुमची माय कोठी रायते?"

"फार दूर. समुद्रापलीकडे. ती माझी वाट पाहते."

पार्वताबाईने पदराने नाक पुसले. "तिनं तुमाले इतक्या दूर धाडलं. मले बार्शीटाकळीहून अकोला दूर वाटते होय?" मग सुभद्राकडे वळली. "राय इथंच. पन वेचनीचं काय करू मी?"

"आम्ही सगळेच येतो," मास्तर म्हणाले.

आणि सुट्टी काढून सारी शाळा शेतात गेली! परतल्यावर पोरी सांगत होत्या, बाईंनी बोंडांपेक्षा ओरखडेच जास्त वेचले. मास्तर ओळीओळीला अभंग म्हणत होते, म्हणून त्यांची ओटी रिकामीच राहिली.

आल्या आल्या सुभद्राने माझ्या खडबडीत पाठीवर गेरू सारवला आणि वर चुन्याने फुटलेली कपाशी काढली. मित्रांनो, पुढच्या सगळ्या चकाकीपेक्षा मला ती पाठ प्यारी आहे. पुढे सुभद्रा त्याच शाळेत शिकवू लागली. तिने मला कधीच भिंतीला लावले नाही.

आज मी एका अडगळीच्या खोलीत, पुन्हा भिंतीलाच आहे. माझा भाता उंदरांपासून जपा, पट्ट्या पुसा. पण त्याआधी मला थोडे पुढे ओढा. मागे वाकून पाहा, चुन्याची बोंडे अजून पांढरी आहेत. मग मला मधोमध ठेवा आणि माणसांकडे तोंड करून एखादे गाणे म्हणा.