डब्यातलं अंडं

कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या त्या ठाकूरवाडीत पोटुशी बाईला अंगणवाडीत दुपारचं जेवण मिळतं. भात, डाळ, भाजी आणि एक उकडलेलं अंडं. नियम असा, की तिथंच बसून खायचं. पण वाडीचे नियम सरकारपेक्षा जुने. घरची चूल सोडून एकटी जेवणारी बाई म्हणजे चोरखाई. म्हणून सगळ्या जणी डबे फडक्यात बांधून घरी न्यायच्या, आणि पुढं त्या डब्याचं काय व्हायचं ते देवाला आणि सासवांनाच ठाऊक.

ललिताच्या घरी डबा उघडायची तिची सासू, जना. अंडं सासऱ्याला, चांगोला, कारण त्याचे दात पडलेले आणि अंडं मऊ. भाजी दिराला. उरलंसुरलं घरच्या पातेल्यात, आणि पातेल्याच्या तळाशी राहील ते ललिताला. वर जनाचं शास्त्र तयारच असायचं. "पोटुशीनं बेतानं खावं गं. पोर थोराड झालं की अडतं."

पहिल्या खेपेला पोर अजिबात अडलं नव्हतं. मुलगी एवढीशी झाली, की बापाच्या ओंजळीत मावली. दूध ओढायचंही त्राण नव्हतं तिच्यात. बारशाआधीच गेली. वाडी म्हणाली, नशीब. ललितानंही तेच मानून घेतलं होतं.

आता पुन्हा दिवस गेलेले. सोमवारी कशेळ्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वजन जरासुद्धा वाढलेलं नाही. मागच्या वेळेलाही असंच होतं का?"

ललितानं होय म्हणून मान हलवली.

"अगं, मग ते पहिलं लेकरू पोटात असल्यापासूनच उपाशी. डबा मिळतो ना तुला? तो खातं कोण?"

"मीच की," ललिता म्हणाली, आणि आपल्याच खोटेपणाची तिला शिसारी आली.

परतीच्या जीपमध्ये ती अंग चोरून बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. सासूचा आला, सासऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. डबा रोज आपणच तर वाहून नेला, चांगली गाठ मारून!

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणवाडीच्या ओट्यावर फतकल मारली आणि डबा उघडला. शेजारची बायजा, तीही पोटुशीच, आपला डबा कमरेवर घेऊन निघाली होती, ती थबकली. "ललिते, याड लागलं का? सासू काय म्हणंल?"

"म्हणू दे," ललिता भरल्या तोंडानं म्हणाली.

घरी रिकामा डबा गेला. जनानं झाकण काढलं, आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि तोंडाचा पट्टा सोडला. ललिताचा नवरा दशरथ मध्ये पडला, म्हणजे आईच्याच बाजूनं पडला. "बाबाच्या तोंडचा घास काढलास?"

"तो बाबांचा नव्हता. आपल्या पोरीचा व्हता. उपाशी गेली रं ती."

दशरथची मान खाली गेली. चांगोनं मात्र कोपऱ्यातली काठी जवळ ओढली. म्हातारा बेरकी, बोलण्यात शक्ती वाया घालवणाऱ्यातला नव्हता.

पुढच्या दुपारी ललिता ओट्याशी आली, तर चांगो आधीच तिथं बसलेला. काठी मांडीवर आडवी, तोंड तिच्या जागेकडं. सासऱ्यासमोर सून घास उचलत नाही, ही वाडीची रीत. ना शिवी, ना मार. म्हाताऱ्यानं नुसतं बसून राहायचं, की सून आपोआप उपाशी.

ललितानं डोक्यावर पदर ओढला आणि पाठ फिरवून बसली. भाताचा घास उचलला आणि तसाच डब्यात ठेवला. असं लपूनछपून खायचं, तर मग खरंच चोरखाई झालो की आपण! ती भर्रकन वळली. पदर घसरला तर घसरू दिला. सासऱ्याच्या पुढ्यात मांडी घातली आणि अंडं सोलायला घेतलं.

म्हाताऱ्यानं आवंढा गिळला. भूक त्याची खोटी नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाची भूक ती. अर्धं अंडं देण्यासाठी ललिताचा हात पुढं होतच होता. तो तिनं मागं घेतला.

"मामा, मी कोंबडी पाळीन. तिची अंडी माज्या हातानं उकडून तुमाला घालीन. पण ह्यातलं टिचभर बी देनार नाय. सासूबाईनं वाढलं, मी वाहून आनलं आन् तुमी खाल्लं. अंडं नव्हतं ते, तुमची नात व्हती. दुसरं लेकरू मी कुनाच्या ताटात वाढू देनार नाय."

चांगोची मूठ काठीवर आवळली. आता उठतो आणि पाठीत घालतो, असं तिला वाटलं. पण तो उठला नाही. त्याची नजर डब्यावरून तिच्या पोटावर गेली आणि तिथून जमिनीवर. ललितानं अख्खं अंडं खाल्लं, मीठ लावून, अगदी सावकाश.

अंगणवाडीच्या उंबऱ्यात बायजा उभी होती. तिनं फडक्याची गाठ सोडली, ओट्याशी आली आणि पाहिलं, तर जागा म्हाताऱ्यानं अडवलेली.

"चांगोबाबा," ती म्हणाली, "जरा तिकडं सरका. मला बी जेवायचंय."

म्हातारा सरकला.