न उघडलेल्या चिठ्ठ्या

"नाही म्हणजे नाही हो! त्या दिवशी तुमच्या घरून एकही फोन लागलेला नाही. किती वेळा सांगू?" फोन कंपनीच्या काउंटरवर बसणाऱ्या डेलने नोंदीचा कागद पुढे सरकवला.

म्हाताऱ्या इलायजा बिअर्डीने कागदाला हातही लावला नाही. "लागला नाही, ते मलाही ठाऊक आहे. माझ्या बायकोने लावून पाहिला होता का, एवढंच सांगा."

"घ्या! त्यात फरक तो काय?"

फरक होता. आतल्या टेबलाशी बसलेल्या व्हर्ना थीसनला तो ठाऊक होता.

इलायजा डायलिसिससाठी कॅनडाच्या उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतून विनिपेग शहरात येऊन राहिला होता. जानेवारीत तिकडे घरी त्याची बायको डॉर्कस एकटीच असताना हृदय बंद पडून गेली. तेव्हापासून दर गुरुवारी उपचार उरकले, की तो थेट या फोन कंपनीत येई. हा तिसरा गुरुवार.

"आमचं वाजलं होतं हो," तो डेलला सांगत होता. "शहरात जीव गुदमरतो म्हणून ती माझ्याबरोबर यायला तयार नव्हती. मी म्हटलं, बस मग तुझ्या चुलीपाशी! निघताना बोललोसुद्धा नाही. चार दिवस दोघंही हट्टाला पेटलेलो. आता गावात म्हणतात, डॉर्कस रागातच गेली, नवऱ्याला एक फोनही केला नाही."

डेलने कागद परत ओढून घेतला. व्हर्ना संगणकाकडे वळली.

बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. माणसं बोलायला लागण्याआधी दोन्हीकडची, म्हणजे वस्तीतली आणि विनिपेगची, यंत्रं एकमेकांना चिठ्ठ्या पाठवतात: कोण, कुठून, कुणाला. चिठ्ठी असते लांबलचक आणि उपग्रहाची वाट चिंचोळी. म्हणून व्हर्नाने दोन्ही यंत्रांना आधीच्या चिठ्ठ्या लक्षात ठेवायला लावल्या. मग नव्या चिठ्ठीत फक्त बदललेलं तेवढंच धाडायचं. दहा ओळींचं काम एका ओळीत! ऑफिसने तिच्यासाठी केकसुद्धा कापला होता.

एकच अडचण होती. वीज गेली, की विनिपेगचं यंत्र सगळं विसरे. त्रोटक चिठ्ठी त्याला उमगत नसे. मग ते 'समजलं नाही, पूर्ण पाठव' असं साऱ्या वस्त्यांना एकदमच ओरडून सांगे आणि वाट तुंबे. त्यावर व्हर्नानेच तोडगा काढला: वीज परतली, की विनिपेगच्या यंत्राने अर्धा तास गप्प बसायचं. अर्ध्या तासाने वस्त्यांची यंत्रं आपणहून पूर्ण चिठ्ठ्या पाठवत. तोवर आलेल्या, न उमगलेल्या चिठ्ठ्या एका कोपऱ्यात पडून राहत. त्यांची फोन म्हणून नोंद होत नसे आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नसे.

डॉर्कस गेली त्या दिवशी वीज परत आली होती दुपारी दोनला.

वस्तीतल्या यंत्राची आठवण शाबूत होती. व्हर्नाने ती मागवून घेतली आणि तिच्या आधाराने कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या उघडल्या. डॉर्कस बिअर्डीच्या घरच्या चार निघाल्या. व्हर्नाला रडूच कोसळलं.

डेल मागे येऊन उभा राहिला. त्याने पडद्यावरचं वाचलं आणि आवाज खाली आणला. "अगं, वेड लागलंय का तुला? हे बाहेर गेलं तर वकील येतील. तुझी नोकरी जाईल, माझीही. आणि म्हाताऱ्याला कळून काय मिळणार? बाई तर गेलीच ना?"

"तिने फोन केला नाही म्हणून तो रोज मरतोय, डेल."

"आणि केला होता म्हटल्यावर जगेल?"

व्हर्नाने चारही फोनच्या वेळा कागदावर उतरवल्या. मग ती उठली, बाहेर येऊन इलायजाशेजारच्या खुर्चीवर बसली.

"काका, तिने लावला होता फोन. चार वेळा. चारही वेळा तुम्हालाच."

तो खुर्चीतच तिच्याकडे वळला. "काय म्हणत होती?"

"यात बोलणं नसतं हो. कोण कुणाला बोलावतंय, एवढंच असतं." तिने हातातला कागद मांडीवर ठेवला. "आमच्या यंत्राने ते पुढे पोचवलंच नाही. त्या वेळी गप्प बसायला त्याला मीच शिकवलं होतं. माझं चुकलं, काका."

इलायजाने मान हलवली. रागावला का, ते तिला कळेना. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"किती वाजता?"

"दोन वाजून सहा, दहा, सतरा आणि चोवीस."

"इथे फोनपाशीच बसलो होतो मी," तो म्हणाला. "पत्ते खेळत होतो. वाजत नाही म्हणून मनातल्या मनात तिला शिव्या घालत होतो."

काउंटरमागे डेल पाठ फिरवून उभा होता.

"परत वाच गं," इलायजा म्हणाला. "सावकाश."

व्हर्नाने वाचायला सुरुवात केली. तो डोळे मिटून बसला होता आणि प्रत्येक वेळेला फोन उचलल्यासारखं हलकेच "हं, बोल" म्हणत होता.