दुसरी सही

सृष्टीला खराडीच्या कंपनीनं अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, तेव्हापासून तिच्या वडिलांच्या, रंगरावांच्या मनात पाल चुकचुकत होती. एवढा समुद्र ओलांडायचा आणि विमानाला इंजिनं दोनच? चाळीस वर्षं बसगाड्यांखाली घालवलेल्या मिस्त्रीला हे पटेना.

"अप्पा, एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर तीन तास उडतं. तेवढ्यात विमानतळ गाठता येईल असाच मार्ग आखतात," सृष्टी बॅग भरता भरता म्हणाली.

"आन् एकाच मिस्त्रीनं दोन्हीत तीच चूक करून ठेवली तर?"

"त्यालाही नियम आहे. दोन्ही इंजिनांना एकच माणूस हात लावत नाही. लावलाच, तर दुसरा तपासून सही करतो."

"झकास हाय नियम. आमच्या गॅरेजातबी होता. आमचा पोपट मिस्त्री ब्रेक बसवायचा, तपासून सही माझी."

"मग झालं तर!"

"काय झालं? कँटीनमधी बसून ठोकायचो सह्या. खाली वाकून बघायचो ती एकच गाडी, तुझ्या शाळेची." रंगरावांनी बॅगेवर हात ठेवला. "सही करणाऱ्याची लेक त्या विमानात बसणार हाय का, तेवढं विचार."