कोंबडीच्या पायाचं पान

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान हातात घेतलं आणि उलटून पाहिलं. पंजासारखं रुंद असायचं ते पान कोंबडीच्या पायासारखं निमुळतं होऊन आखडलं होतं. पुढच्या झाडाचंही तसंच. सेलूच्या रस्त्यालगतचा माझा दीड एकर, वर्षाचं सारं त्याच्यावर.

हे कशानं होतं ते मला ठाऊक होतं. रुंद पानाचं तण मारायचं औषध कपाशीवर गेलं की पान असं वाकडं होतं, कारण कपाशीही रुंद पानाचीच. आणि पंधरा दिवसांपूर्वी माझा फवारणीचा पंप कोणी नेला होता? शेजारच्या तानबानं, धुऱ्यावरचं, बांधावरचं गाजरगवत मारायला; त्याचा पंप तेव्हा दुरुस्तीला होता. त्यानं परत दिल्यावर त्याच पंपानं मी कपाशीवर तुडतुड्यांच्या किडीचं औषध मारलं.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. पारावर चार माणसांत मी तानबाला गाठलं.

"पंप न धुता काऊन देल्ला? माही पऱ्हाटी मारली तुमी!"

"तीनदा धुतला, वहिनी. सोड्याच्या पाण्यानं."

"खोटं बोलून राह्यले!"

सगळे बघत होते, मला तेच हवं होतं. तानबा भांडला नाही. "चाला, वावर पाहू," म्हणाला.

वावरात तो पहिल्या ओळीत उकिडवा बसला, मग शेवटच्या. मी मागं उभी.

"फवारणी कुठून सुरू केली?"

"विहिरीकडून."

"पंपात औषध राह्यलं असतं, त पयल्या ओळी जास्त बिघडल्या असत्या. पुढं कमी-कमी झालं असतं. इथं पयलं झाड अन् शेवटचं झाड एकसारखं." त्यानं विहिरीकडे पाहिलं. "औषध कशात कालवलं?"

विहिरीजवळ निळा ड्रम होता. माझ्या धुऱ्याचं तण मारायला मी ते औषध त्यातच कालवलं होतं, तानबानं पंप नेण्याच्याही आधी. नंतर पंप घासून धुतला. पण ड्रम कोण धुतो? पंप धुवायचा आणि ड्रम पालथा घालायचा, आमच्याकडची रीतच तशी. त्याच ड्रमात मी दीड एकराचं तुडतुड्यांचं औषध एकदम कालवलं होतं.

"वाचन का पऱ्हाटी?" मी विचारलं.

"शेंडा पाहत राहा. नवं पान रुंद आलं त वाचली. नाई त सारं मोडून दुसरं पेरा लागन."

मी रोज सकाळी शेंडे उलटून पाहत होते. नवव्या दिवशी पान निमुळतं. अकराव्या दिवशीही. मला जेवण जाईना, आणि तानबाच्या दारावरून जायची लाज वाटे.

तेराव्या दिवशी शेंड्यावर एक पान उघडलं. लहान, पण रुंद. मग दुसऱ्या झाडावर, तिसऱ्यावर. मी ओळीतच बसून रडले.

तुडतुडे मात्र पुन्हा आले होते आणि माझ्या ड्रमाला, पंपाला हात लावायची माझी हिंमत नव्हती. मी पारावर गेले. तीच माणसं होती.

"भाऊजीनं पंप धुतलता," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "ड्रम म्याच नाई धुतला. भाऊजी, तुमचा पंप अन् ड्रम एक दिवस द्या."

तानबानं घरातून दोन्ही आणून ठेवलं.

"धुतलं हाय," तो म्हणाला. "तरी वास घेऊन पाहा, वहिनी."

मी वास घेतला नाही. पंप पाठीवर चढवला, ड्रम उचलला आणि वावराकडे निघाले.