आजीचा ‘तो’

माझ्या आजीने, गिरजाबाईने, नव्वद वर्षांच्या आयुष्यात दोन नावं कधीच तोंडातून काढली नाहीत. एक नवऱ्याचं, दुसरं वाघाचं. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं आणि वाघाचं घेतलं की तो हजर होतो, म्हणून दोघांनाही ती ‘तो’च म्हणायची. छप्पन साली चांद्याला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव काढले, उपासतापास सोडले. पण या बाबतीत ऐकेल तर शपथ. मी वाद घालायला गेले की म्हणायची, "बावीस प्रतिज्ञा मले पाठ आहेत. नवऱ्याचं नाव घ्या, असं त्यात कुठी लिहिलं आहे, दाखव."

त्यामुळे घरात नुसता घोळ. मोहर्लीतलं घर, परसाला लागून जंगल. आजी अंगणातून ओरडायची, "तो आला रे!" आणि माझी आई न् प्रफुलमामा लहानपणी भांडत बसायचे, की आता कोंबड्या झाकायच्या की ताट वाढायचं. देवराव आजोबा होतेही गुरगुरणारे, त्यात भरघोस मिशा, म्हणजे वर्णनावरूनही काही कळायची सोय नव्हती.

तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट मोहाखालची. "मोहफुलं येचून राह्यली होती मी. तो आला मिशा फेंदारून. मी म्हटलं, पाय समोर टाकशीन त खबरदार. नाई ऐकला. हाणली काठी पाठीत. अजून एक हाणली. मंग गेला शेपूट घालून. तीन दिवस इकडं फिरकला नाई."

या गोष्टीवर मी वाढले. ताडोब्यात गाइड होण्यासाठी मुलाखत दिली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "साक्षी, वाघाची भीती नाही वाटत?" मी छाती काढून म्हटलं, "वाघाला काठीने हाकलणाऱ्या बाईची नात आहे मी." काम मिळालं. पहिल्यांदा वाघ जिप्सीपासून दहा हातांवर आला तेव्हा पर्यटकांना सांगायची सगळी माहिती मी विसरले, खोटं कशाला बोलू? आजीची काठी आठवली म्हणून तोंडातून आवाज फुटला.

आजी गेली. तिच्या स्मरणासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामाने दारात हे भलंमोठं फ्लेक्स लावलं. आजीचा हसरा फोटो, शेजारी जबडा उघडलेला वाघ, खाली ‘वाघाला लोळवणारी वाघीण’. मामाला आवरणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. बुद्धवंदना झाल्यावर मी मोहाची गोष्ट सांगणार होते आणि माझ्यासोबतचे सगळे गाइड ऐकायला येणार होते.

तासभर आधी धानोऱ्याहून रुखमाबाई आल्या. आजीची तरुणपणची मैत्रीण, कित्येक वर्षांपासून लेकीकडे राहणारी. फ्लेक्ससमोर थबकल्या. "हे जनावर काऊन बसवलं गिरजीजवळ?"

मी मोठ्या कौतुकाने गोष्ट सांगितली. ओसरीवर बसून बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी पाजावं लागलं.

"कोणता वाघ व पोरी? वाघाले काठी हाणून कोणी नव्वद वर्षं जगते काय? मी होती ना तिथं. तुह्या आज्याले हाणली तिनं!"

"पण आजी तर म्हणायची..."

"ती वाघ म्हणे काय?"

नव्हती म्हणत. एकदाही नाही.

"तुही आई सातवीत होती," रुखमाबाई आवाज उतरवून सांगू लागल्या. "बायको मेलेल्या एका माणसाले तिले देतो म्हणून तो शब्द देऊन आला. मोहाखालीच सांगाले आला. गिरजी म्हणे, पोरगी सिंदेवाहीले शिकाले जाईन. त्यानं हात उचलला. मंग तिनं काठी उचलली."

मी त्यांचे हात धरले. "कोणाला सांगू नका." फ्लेक्सची फजिती होतीच, गाइड मंडळी वर्षभर चिडवतील हेही होतं. पण खरी पंचाईत आईची. माझी आई, अन्नपूर्णा सिस्टर, तीस वर्षं नर्स होती आणि आयुष्यभर एकच सांगत आली, की मला बाबांनी शिकवलं, ते स्वतः शाळेत सोडायला आले. एका भाषणात तिचा बाप तिच्याकडून कसा काढून घ्यायचा?

"नको सांगू त," रुखमाबाई म्हणाल्या. "पण वाघाचं काय व? तो येते न् आपल्या वाटेनं जाते. त्याच्यासंग एका घरात रांधा लागत नाई. गिरजी त्या दिवशी सांजेले त्याच घरात गेली. मी नसती गेली."

वंदना झाली. मी उभी राहिले. वाघाची गोष्ट पाठ होती, तीच सांगायची असं ठरवलंही होतं. पण तोंड उघडलं आणि खरीच बाहेर पडली. ‘तो’ कोण, हात कोणी उचलला, काठी कशासाठी बसली, सगळं. मांडवात कोणी हसलं नाही. मामा फ्लेक्सकडे बघत राहिला. मला आजीचा अभिमान वाटत होता आणि आईकडे बघायची हिंमत होत नव्हती.

आई जागची उठली.

"बाबा मले सिंदेवाहीले सोडाले आले, ते खरं आहे," ती म्हणाली. "पण एस्टीतून उतरल्यावर पेटी मलेच उचलाले लावली. मी लय चिडली. त म्हणे, पोरी, चैतापासून पाठीत चमक भरली आहे, जाता जात नाई."

ती हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली.

"चमक नव्हती ते," ती म्हणाली. "माय होती."