माईंच्या मलमातला मळ

दुपारी बारापासूनच बायका जिन्यात बसलेल्या. वर दोन खोल्यांच्या जागेत निर्मळमाई एकेकीला खुर्चीत बसवत, गालाला मलम चोपडत आणि बोटांनी खसाखसा घासत. मिनिटभरात गालावरून राखाडी वळ्या सुटत आणि मांडीवरच्या पांढऱ्या रुमालावर पडत.

"बघा, डोळ्यांनी बघा!" माई ओरडत. "नजर आहे ही! तुमच्यावर जे जळतात, त्यांची नजर छिद्रांत जाऊन बसते. मोजा वळ्या. पाच? म्हणजे पाच जण!"

नावंही माईच सांगत. जाऊ, नणंद, शेजारीण. फार डोकं चालवावं लागत नसे.

दोघी बहिणींतल्या धाकटीच्या वेळी मात्र त्या म्हणाल्या, "सख्खी आहे. घरातलीच."

धाकटीला सख्खी अशी एकच बहीण. थोरली. समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानात प्लास्टिकच्या पुतळ्यांना कपडे चढवणारी. धाकटीला लहानपणापासून इसब. गाल कोरडे, साबण बदलला तरी लाल होणारे. नाकाशेजारचे बारीक काळपट ठिपके तिला आरशात खड्ड्यांएवढे दिसत. चौथ्यांदा घासल्यावर गालांतून पाणी झिरपायला लागलं. "नजर बाहेर पडतेय," माई म्हणाल्या. धाकटीने ताईशी बोलणं टाकलं आणि उशी उचलून दुसऱ्या खोलीत गेली.

थोरली आठवडाभर गप्प होती. ती गप्प असली की पुतळेसुद्धा घाबरून ताठ उभे राहतात, असं दुकानाचे मालक म्हणत.

मग एका दुपारी ती एका पुतळ्याच्या गालावर कुणीतरी चिकटवलेली किमतीची चिठ्ठी काढत होती. चिठ्ठी निघाली, डिंक राहिला. अंगठ्याने घासला, तर त्याच्या राखाडी वळ्या होऊन खाली पडल्या. थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने पुतळ्याचं मुंडकं उपसलं, काखेत मारलं आणि समोरचा जिना चढली.

धाकटी पाचव्यांदा बसायच्या बेतात होती. तिला बाजूला सारून थोरलीने मुंडकं खुर्चीत ठेवलं.

"माई, आधी हिचं बघा."

"हे काय आणलंस?"

"गिऱ्हाईक. बाई सोशिक आहे, हूं की चूं करणार नाही."

"शक्तीची चेष्टा करतेस?"

"राहू द्या, मीच घासते." तिने डबीत बोटं बुडवली. मिनिटभरात वळ्या सुटल्या, तशाच राखाडी. जिन्यातल्या बायका आत घुसून मोजू लागल्या. अकरा भरल्या.

"सांगा, हिच्यावर कोण अकरा जण जळतात? हिला जाऊ नाही, नणंद नाही. मानेखाली काहीच नाही!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"प्लास्टिकलाही नजर लागते," माई पुटपुटल्या.

"असेल. आता तुमचा गाल. चार वेळा. माझ्या बहिणीचा घासलात तितक्याच जोरात."

माई भिंतीला टेकल्या. "नको गं," त्यांच्या तोंडून निसटलं, "माझी त्वचा नाजूक आहे."

मग मागून एकजण किंचाळली, "आणि मी हिच्या नादाने जावेशी दोन महिने बोलले नाही!" दहा-बारा हात डबीत गेले. थोरलीने कुणालाच आवरलं नाही. माईंनी दार गाठलं, तेव्हा त्यांचं तोंड त्यांच्याच मलमाने लिंपलेलं होतं.

संध्याकाळी थोरली धाकटीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी थोरलीने उचलून आणलेल्या डबीतलं मलम बोटांत चोळून पाहिलं. "चिकट पदार्थ आणि कोळशाची पूड. घासलं की काचेवरही वळ्या होतील. ठिपके म्हणजे मळ नाही गं. छिद्रांत थोडं तेल आणि मृत त्वचा सगळ्यांच्याच असते. कोरडे पापुद्रे अडकले की जास्त दिसते, एवढंच. घासलं की इसब भडकणारच. आता कोमट पाणी, सौम्य, बिनवासाचं क्लीन्झर आणि चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. गाल बरे झाले की ठिपक्यांचं बघू. तोवर मनाने काही लावायचं नाही."

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, चुकलं माझं."

"चुकलंच. उशी परत आण. माफ मात्र इतक्यात करणार नाही. तुलाही नाही, तिला तर नाहीच."

वाचकहो, चमत्कार दिसला की तो आधी निर्जीव वस्तूवर करून बघा. मग करणाऱ्याला म्हणा, आता स्वतःवर कर. तो कचरला, तर हात जोडू नका. चारचौघांत जाब विचारा.